मान, नट आणि ॲक्शन

मस्कतच्या माबेलातल्या आमच्या घराच्या खिडक्या कितीही घट्ट लावा, वाळू आत येतेच. गिटारीच्या गोष्टींचं आमच्याकडे तसंच झालं. कोणी गोळा केल्या नाहीत, आपोआप साठल्या. हाताला लागतील तेवढ्या सांगते.

माझा दिनेश मस्कतला एसीच्या मेंटेनन्सवर. चाळिशी गाठली आणि एक दिवस गिटार घेऊन आला. कोणीतरी देश सोडून चालला होता, त्याच्याकडून. माझी नात स्वरा, वय दहा, मंडळाच्या गणपतीत गाणं म्हणणार होती. तिच्या शेजारी बसून आपण वाजवायचं, असं याच्या डोक्यात.

स्वराची शाळा इंग्लिश, मराठी बेताचं. ती इंग्लिशमध्ये काहीतरी बोलली. सूनबाई पल्लवीने मला मराठी करून सांगितलं, "ती म्हणते, बाबांनी स्टेजखालून व्हिडिओ काढावा."

दिनेश म्हणाला, बघू. पण त्या रात्री जेवला कमी.

* * *

खालच्या मजल्यावर विल्सन राहतो. वसईचा. हॉटेलच्या बँडमध्ये वाजवतो आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आला की आमच्याकडे चहाला. त्याने गिटार बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "मावशी, मान वाकलीय, नट उंच आहे आणि ॲक्शन एकदम बेकार."

मी म्हटलं, "आमच्याकडे दशावतारात होता असा एक. पण काढता येईना, मालकाचा मेव्हणा."

विल्सनने कप खाली ठेवला आणि मला सगळं दाखवलं. नट म्हणजे मानेच्या टोकाची पांढरी पट्टी, तिच्या खाचांत तारा बसतात. ॲक्शन म्हणजे तारा लाकडापासून किती उंच. फार उंच असल्या तर दाबताना बोटं सोलतात. दिनेशची सोललीच होती. त्याला वाटायचं, गिटार अशीच असते.

* * *

मानेच्या आत एक सळई असते, तिचा स्क्रू विल्सनने अगदी पाव फेरा फिरवला. नट जरासा घासला. म्हणाला, आता हात लावू नको.

पण एसीवाल्याला स्क्रू दिसला की हात शिवशिवतो. विल्सनची पाठ वळली आणि याने आणखी पिळला. तारा लाकडाला टेकायला आल्या. वाजवली की नुसतं टर्रर्र. मी रोजच्यासारखं दिनेशला म्हटलं, "गप्प बस."

आतल्या खोलीतून स्वरा ओरडली, "बाबा, एसी खराब झाला!"

दिनेशने खुर्ची ओढली, वर चढला आणि एसी उघडून बघितला.

* * *

मग कंपनीने त्याला कामाला दूरच्या इब्री गावाला पाठवलं. प्रॅक्टिस बुडू नये म्हणून गिटार बरोबर. दुपारभर ती बंद गाडीत राहिली. उन्हाने गोंद सुटला आणि तारा खाली जिथे अडकतात तो ब्रिज उचलला गेला.

विल्सनने तो पुन्हा चिकटवला, वर शिकंजा आवळून ठेवला आणि दिनेशला विचारलं, "भरदुपारी आईला गाडीत ठेवून जाशील का?"

दिनेशने जरा विचार केला. मला ते आवडलं नाही.

* * *

उन्हातून काढली, तर एसीत लाकूड सुकायला लागलं. असंच सुकत गेलं तर तडा जातो म्हणे. यावर उपाय म्हणजे साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला स्पंज पिळून ठेवायचा आणि डबी गिटारीच्या बॅगेत टाकायची. पल्लवीचे भांडी घासायचे दोन स्पंज त्यात गेले.

एकदा दिनेशचा अर्बाब चहाला आला. मालक असून माणूस साधा. त्याने डबी उचलून विचारलं, ये क्या. दिनेशने त्यांच्या कामावरच्या हिंदीत सांगितलं की हिला पाणी लागतं.

मला वाटलं, नोकरी गेली.

अर्बाबच्या घरी ऊद आहे, तिकडचं तारांचं वाद्य. त्याने डबी जागेवर ठेवली आणि म्हणाला, "हमारा वाला जास्ती पीता है."

* * *

तारांची नावं मला पाठ झाली. ई, ए, डी, जी, बी आणि परत ई. दोन ई कशाला, म्हणून मी वरच्या जाड तारेला जाडी शांता आणि खालच्या बारकीला बारीक शांता म्हणायला लागले. आमच्या गावात दोघी होत्या. घरात तीच नावं पडली.

एकदा दिनेशने खुंटी जास्त पिळली आणि तार तुटली. त्याने विल्सनला फोन लावला. विल्सन हॉटेलात, मॅनेजरच्या समोर उभा.

"बारीक शांता गेली," दिनेश म्हणाला.

"शांता गेली? कशी काय?" विल्सन जोरात म्हणाला.

मॅनेजर केरळचा, पण तेवढं त्याला कळलं. त्याने विल्सनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला लगेच घरी पाठवलं. विल्सन आला, नवीन शांता चढवली, जेवला आणि गेला.

* * *

गणपती जवळ आले तेव्हा दिनेशचं गाणं टर्रर्र न होता पुरं झालं. स्वराने ऐकलं. म्हणाली, "ओके. पण मागे बसायचं."

कार्यक्रमाच्या दिवशी आमचा नंबर पाचवा. डान्सवाली मुलं ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून तो दुसरा झाला. गिटार गरम पार्किंगमधून थेट बर्फासारख्या हॉलमध्ये. विल्सनने सांगितलं होतं, अशा वेळी अर्धा तास बॅगेतच राहू दे, सावकाश निवू दे. पण वेळ कुठे होता.

दिनेशने एकदा तारा छेडल्या. बेसूर झालेलं मलासुद्धा कळलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. दिनेशने मान खाली घातली आणि खुंट्या पिळायला लागला. सूर जुळला की गिटारीला लावलेल्या ट्यूनरचा दिवा हिरवा होतो, तो लालच. लोक बोलायला लागले, मुलं पळायला लागली. अध्यक्ष माइक घेऊन उठले, म्हणाले, तोपर्यंत आपण प्रायोजकांचे आभार मानून घेऊ.

स्वरा एकटी पुढे उभी. मला वाटलं, आता ही खाली उतरते. तिने मागे वळून बाबांकडे बघितलं. मग माइक तोंडाशी धरला.

"माझा बाबा गिटार लावते आहे," ती म्हणाली. जरा थांबली, शब्द शोधले, आणि सगळ्या हॉलला म्हणाली, "गप्प बस."

अध्यक्ष बसले.

दिवा हिरवा होईपर्यंत हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. शेजारच्या बाई माझ्या कानाशी आल्या. म्हणाल्या, "इतकं स्पष्ट मराठी कुठे शिकली हो ही?"

म्हटलं, "शाळेत असेल."