नव्यांचा फोरमन

"नवीन कोण आलंय?"

जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीचं दार ढकलून फोरमन आत यायचे आणि बसायच्या आधी हा प्रश्न विचारायचे. बूट दाराबाहेर काढलेले असत, हात कोपरापर्यंत धुतलेले असत, तरी ते कीबोर्डला बोट लावत नसत. कॉम्प्युटरपासून हातभर लांब खुर्ची ओढायची, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे आणि पडद्याकडे बघत बसायचं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींतला एखादा अवघडलेला काका बसतो ना, तसे.

आमचा कारखाना कोलशेतला, खाडीच्या अलीकडे. तापवलेल्या लोखंडाला मोठ्या यांत्रिक हातोड्याखाली आकार द्यायचा आणि ट्रकचे, पंपांचे भाग बनवायचे, हे काम. मी पंचाऐंशीच्या सुमारास तिथे टायपिस्ट म्हणून लागले. पुढे टेलेक्स माझ्याकडे आला आणि नव्वदीच्या उत्तरार्धात परदेशी गिऱ्हाइकांच्या पत्रव्यवहारासाठी इंटरनेट आलं, तेही माझ्याच टेबलावर.

फोरमन हॅमर शॉपचे. मूळचे कराडकडचे, घरचा लोहारकीचा भाता होता. राहायला मोहन्याला. आमच्या ऑफिसात ते यायचे ते फक्त भांडायला: हातमोजे संपलेत, नाहीतर कोणाचा ओव्हरटाइम कापलाय. शॉपमधली माणसं त्यांना टरकून असत. नवीन लागलेल्या माणसाची तर ते दिवसभर सालटी काढायचे, असं मी ऐकून होते. त्यामुळे हे गृहस्थ रोज माझ्या खोलीत येऊन बसतील आणि जगभरातल्या नवशिक्यांची चौकशी करतील, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

झालं असं, की माल तपासायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने फोरमननी घरासाठी ठोकलेली एक सांडशी पाहिली. तो स्वतः हौशी लोहार निघाला. त्याने सांगितलं, की ईमेलवर आम्हा लोहारांचा एक गट आहे, एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना पोचतं. पत्ता देऊन तो निघून गेला. फोरमननी मॅनेजरना विचारलं, मॅनेजर म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत काय ते करा, फोनची लाइन अडवू नका.

पहिलं पत्र मी टाइप केलं. फोरमन मराठीत सांगणार, मी इंग्रजीत उतरवणार. टेलेक्सची सवय, म्हणून मी सगळं मोठ्या लिपीत, कॅपिटल अक्षरांत ठोकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर उत्तरांचा खच. या माणसाने ओरडणं बंद करावं. या माणसाने आधी जुनी पत्रं वाचावीत. या माणसाने आपली ओळख न देता प्रश्न विचारला आहे. तिथे मोठ्या लिपीत लिहिणं म्हणजे ओरडणं, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना ते समजावलं.

"मी ओरडलो?" ते म्हणाले. "मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

मग म्हणाले, तसं बरोबर आहे त्यांचं, हातोड्याशेजारी तीस वर्षं उभा राहिलेला माणूस ओरडूनच बोलणार. मला वाटलं, आता काही हे परत येत नाहीत. पण ते आले. त्यांनी जुनी पत्रं वाचून दाखवायला लावली. सुट्टीमागून सुट्टी मी वाचत होते आणि ते डबा खात ऐकत होते. गटाचा कारभार बघणारा एक म्हातारा अमेरिकन लोहार होता, शिस्तीचा फार कडक. चुकलेल्याला तो दोन ओळींत दाराबाहेर काढायचा. फोरमननी त्याचं नाव मुकादम ठेवलं. मुकादम आज खूश आहे का, एवढं आधी विचारून घ्यायचे.

हळूहळू त्यांचा तिथे जम बसला. पण रंगायचे ते नवीन माणसाच्या पत्रात. जुने लोक "मागचं वाचा" म्हणून मोकळे व्हायचे, फोरमन मात्र उत्तर द्यायचे. तेही सरळ नाही. आधी त्याला विचारा, काम कुठे करतो, छपराखाली की उघड्यावर. शेजारी कोणी असतं का. मग प्रश्नाकडे वळायचे. सांगताना त्यांच्या तोंडात मूळच्या शिव्या यायच्याच. "त्या गाढवाला सांगा" असं ते म्हणायचे आणि मी "प्रिय मित्रा" असं टाइप करायचे. आपली पत्रं एवढी गोड होऊन जातात, हे त्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं.

एकदा एका नवीन माणसाचं पत्र आलं. सगळं मोठ्या लिपीत, ओळख नाही, आणि सोबत एक भलाथोरला फोटो. त्या काळी फोटो उतरायला अर्धा अर्धा तास लागायचा, लाइन अडून राहायची, म्हणून गटात फोटो पाठवायला सक्त मनाई होती. लोक त्याच्यावर तुटून पडले. मी ती उत्तरं वाचून दाखवत होते आणि फोरमनही हसत होते.

मग त्यांनी विचारलं, पण तो म्हणतोय काय? मी मूळ पत्र वाचलं. जुने पाण्याचे पाइप गॅरेजमध्ये तापवतोय, बाहेर बर्फ आहे म्हणून दार बंद ठेवलंय, पांढरा धूर फार होतो, तर भट्टीत काही चुकतंय का?

फोरमनचं हसू थांबलं. पाण्याच्या पाइपावर जस्ताचा मुलामा असतो. तो जळला की पांढरा धूर होतो आणि बंद जागेत तो छातीत गेला की माणूस आडवा होतो. गटातल्या प्रत्येक लोहाराला हे ठाऊक होतं. पण फोटोच्या रागात शेवटच्या ओळीपर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

"ताई, लिहा. आग विझव, दार उघड, बाहेर ये. एवढंच लिहा, लवकर."

त्या वेळी मॅनेजर दारात आले. त्यांना जर्मनीचा फोन यायचा होता आणि लाइन मोकळी हवी होती. फोरमन उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. पत्र जाईपर्यंत मॅनेजर आत येऊ शकले नाहीत. त्याबद्दल पुढे फोरमनना मेमो मिळाला.

उत्तर लगेच आलं नाही. काही दिवसांनी त्या माणसाच्या बायकोचं पत्र आलं. आमचं पत्र पोचायच्या आधीच तो थंडीतापाने कुडकुडत हॉस्पिटलात गेला होता. आता बरा होता. डॉक्टरला नेमकं काय झालंय ते कळेना, तेव्हा तिने आमचं पत्र वाचून दाखवलं, त्याचा उपयोग झाला.

फोरमननी त्याच सुट्टीत सगळ्या गटाला पत्र लिहायला लावलं. ते मला अजून पाठ आहे, कारण त्यात मी काही गोड केलं नाही. "आपण त्या माणसाची रीत बघितली, त्याचा धूर बघितला नाही."

मुकादम भडकला. त्याने फोरमनना एकट्याला लिहिलं, की सभासदांना चारचौघांत बोल लावणं नियमात बसत नाही. एकतर गटापुढे माफी मागा, नाहीतर नाव काढून टाकतो.

मला राग आला. मी म्हटलं, नका मागू माफी.

"माफी मागू," ते म्हणाले. "चारचौघांत बोललो ते चुकलंच. पण का बोललो, ते त्याला एकट्याला लिहा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मी कारखान्यात लागायच्या आधीची गोष्ट. त्यांच्याच गावाकडचा एक माणूस हॅमर शॉपमध्ये नवीन लागला होता. त्याने एकदा काहीतरी विचारलं, तेव्हा फोरमन सगळ्यांदेखत म्हणाले होते, डोळे फुटले का, बघून शिक. माणसं हसली. पुढे एका पाळीत हातोड्याखाली लोखंडाचा तुकडा अडकला. हातोडा अडकण लावून थांबवलाय की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने हात घातला. उजव्या हाताची बोटं गेली, तो गावाला परत गेला.

"त्याला मला विचारायचं होतं, ताई. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी समोरच उभा होतो."

मी टाइप करत राहिले. ते पडद्याकडे बघत होते, पण इंग्रजी त्यांना जेमतेमच वाचता यायचं. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं.

मुकादमाचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यात सहानुभूतीचा एक शब्द नव्हता. फक्त एवढंच होतं, की यापुढे गटात येणाऱ्या नवीन माणसाचं पहिलं पत्र आधी तुमच्याकडे पाठवत जाईन, तुम्ही ते बघून घ्यावं. फोरमननी मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग डबा तसाच ठेवून ते शॉपमध्ये गेले. हॅमर शॉपमधल्या नव्या पोरांना तेव्हापासून ते ओरडेनासे झाले, असं म्हणणार नाही. ओरडायचेच. पण ओरडून झाल्यावर "आता विचार काय विचारायचंय ते" असं म्हणू लागले होते, एवढं मी लोकांकडून ऐकलं.

ते फार दिवस चाललं नाही. खाडीकडेच्या जमिनींना भाव आला, आमचा कारखाना बंद झाला. फोरमन कल्याणला पुतण्याच्या ग्रिलच्या दुकानात जाऊ लागले. मी डोंबिवलीत राहत होते, तिथेच एका ऑफिसात लागले. स्टेशनजवळ तासावर इंटरनेट मिळायचं. शनिवारी मी नवीन लोकांची पत्रं छापून घ्यायचे आणि रविवारी मोहन्याला घेऊन जायचे. फोरमन खाटेवर बसून उत्तर सांगायचे, मी लिहून घ्यायचे, काकू शेजारी भाजी निवडत ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, अहो, एवढं काय रागावताय त्याच्यावर, आत्ताच तर आलाय.

अशाच एका रविवारी मी गेले तर दाराशी चपलांची गर्दी होती. फोरमन गुरुवारी दुकानातून आले, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. मला कळवायला त्यांच्याकडे माझा फोन नंबर नव्हता.

मी काकूंजवळ बसले. पाहुणे पांगल्यावर त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलं आणि विचारलं, आज कोणाचं आलंय? मी कागद काढला. ऑस्ट्रेलियातला कोणी होता, लोखंड मारताना ऐरणीवरून उडतं म्हणत होता. मी वाचून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याला लिहा, हे गेले म्हणून," त्या म्हणाल्या. "पण म्हणावं, जाऊ नको. कोणीतरी सांगेल तुला."

संध्याकाळी डोंबिवलीला उतरल्यावर मी घरी न जाता आधी ते लिहिलं. गटातल्या सगळ्यांना, माझ्या स्वतःच्या नावाने. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जाऊन बघितलं. फोरमनबद्दल लिहिलेली पुष्कळ पत्रं होती, ती मी नंतर वाचणार होते. त्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाला उत्तर मिळालं होतं, आधी ते उघडलं. चांगलं पानभर होतं. खाली मुकादमाचं नाव होतं.