आयुधपूजेआधीच्या खुणा

आई आयुधपूजेनंतरच्या सोमवारी गेली. नातीशी ठरलेला व्हिडिओ कॉल आदल्या दिवशी होता.

नात स्पेनमध्ये असते, सहा वर्षांची. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी तिथेच वारले. मुलीला फक्त स्पॅनिश येतं. वडील जिथे वाढले ते मैसूरचं घर तिला बघायचं होतं, आणि आईला ते स्वतः, मुलीच्या भाषेत, दाखवायचं होतं. हृदय थकलंय, फार पुढचं ठरवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

आई मोबाइलवरून शिकत होती. स्पॅनिशमध्ये वस्तूचं नाव पुल्लिंगी असतं किंवा स्त्रीलिंगी; आधी ‘एल’ लागतं किंवा ‘ला’. तिसरं काही नाही. आईची नोकरी कन्नड शाळेत झाली. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक, आणि आमच्या घरच्या मराठीत लिंगं तशीही सैल. तिचा हात कापायचा, वहीत लिहिणं जमत नव्हतं. म्हणून तिनं वस्तूंवरच खुणा केल्या. पुल्लिंगीला गंध, स्त्रीलिंगीला कुंकू. शब्दाच्या शेवटी ‘ओ’ असेल तर बहुतेक गंध, ‘आ’ असेल तर बहुतेक कुंकू. अपवाद आले की ती चिडायची.

“‘मानो’ म्हणजे हात, आणि तो म्हणे बाई! कुणी ठरवलं हे?”

भावाचा फोटोही अपवाद निघाला. ‘ला फोतो’. त्याच्या काचेवर तिनं कुंकू लावलं.

बुधवारी आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, होती. आई शेजारणीबरोबर फुलं आणायला गेली. मी दरवर्षीप्रमाणे घरातली प्रत्येक वस्तू ओल्या फडक्यानं पुसली आणि गंध-कुंकू लावलं. विळी, मिक्सर, शिलाई मशीन, खुर्च्या, खिडक्या, घड्याळ, फोटो. खुणांची मला माहिती होती. त्या वेळी आठवण झाली नाही.

आई दारातच थांबली.

“अय्यो, सगळ्यांना दोन्ही लावलंस?”

“आयुधपूजा ना, आई.”

“आता घरभर नवरा-बायकोच!” ती हसली. मग फुलांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. “बिडु,” ती कन्नडमध्ये म्हणाली, “सोड. परत लावते.”

शुक्रवारपर्यंत तीन वस्तू झाल्या: पुढची खिडकी, तिची खुर्ची, फोटो. शनिवारी सकाळी तिला धाप लागली आणि दवाखान्यात दाखल करावं लागलं. रविवारी दुपारी तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

“फोन तू घे. घर दाखव तिला.”

“मला कुठं येतं गं?”

“ऐकलंयस की रोज. खुणा बघ.”

मी घरी आलो. साडेचारला फोन आला. मी खिडकी दाखवली, म्हणालो, “ला बेंताना.” खुर्ची दाखवली, “ला सिया.” फोटो दाखवल्यावर मला बोलावं लागलं नाही. मुलगी म्हणाली, “पापा.”

चौथी वस्तू घड्याळ होती. त्यावर गंधही होतं, कुंकूही. तिनं विचारलं, “के एस?” हे काय आहे?

‘एल’ की ‘ला’, खुणांवरून कळेना. तिनं पुन्हा विचारलं. कॉल चार मिनिटं चालला.