अक्कांच्या बाहुल्यांचे डोळे

फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. "बाई, धुळ्याहून फोन आहे," शिपाईमामा म्हणाले, आणि मला कळलंच. पलीकडून अक्कांची सून, रेखावहिनी, एवढंच बोलली, "सुधाताई, अक्का गेल्या." मी फोन ठेवला, वर्गात परत गेले आणि फळ्यावरचं अर्धवट गणित पुरं केलं. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही... याला आता महिना होऊन गेला.

अक्का कापडी बाहुल्या करायच्या. डी.एड.ला असताना मी धुळ्यात त्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते. त्यांचे यजमान शिंपी, ते गेल्यावर दुकानातल्या चिंध्यांतून अक्कांनी पहिली बाहुली केली आणि पुढे दर रविवारी ओसरीवर बायका शिकायला येऊ लागल्या. बाहुल्या सगळ्या आमच्याकडच्याच: डोक्यावर केळीचा घड घेतलेली रावेरची बाई, ओटीत कापूस वेचणारी, भाकरी थापणारी... मांजरपाटाचं अंग, आत तार आणि धरणगावचा कापूस. त्या कापसात एखादी सरकी राहिली तर अक्का बाहुलीचं पोट नुसतं चाचपून ओळखायच्या. "हिना पोटमा खडा शे," म्हणायच्या आणि अख्खी बाहुली उसवायला लावायच्या. डोळे सगळ्यात शेवटी, दोऱ्याने भरायचे. माझी पहिली बाहुली त्यांनी बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाल्या, "चांगली शे बेटा, पन हाई कोनाकडेच पाही नही राहिनी." मी हिरमुसले. त्यांनी दोनच टाके इकडचे तिकडे केले, आणि ती बाहुली माझ्याकडे बघायला लागली.

पुढे मला जळगावला नोकरी लागली, लग्न झालं, तरी सुट्टीत मी धुळ्याला जात राहिले. अशाच एका रविवारी अक्कांचा हात थरथरताना पाहिला. डोळा भरताना सुई त्यांच्याच बोटात गेली. सगळ्या बायका माना खाली घालून आपापला टाका घालत बसल्या. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या झाल्या, मालीश झालं, आणि थरथर वाढतच गेली. "मना हात मनं आयकत नही," अक्का म्हणाल्या, आणि मला जवळ बसवून डोळे भरायला लावले. त्या सांगत होत्या, मी भरत होते. प्रत्येक वेळी मान हलवायच्या, कात्री मागून घ्यायच्या आणि त्याच हलत्या हाताने टाके काढून टाकायच्या. सहा वेळा. "उसवाले जमस अजून," म्हणून त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

त्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, "आते रविवारना वर्ग तू घेशी का?" मी "हो अक्का" म्हटलं. घरी लहान मुलगी होती, तीन तासांची एसटी होती, हे म्हणतानाच मला ठाऊक होतं. दोन रविवार गेले मी. मग परीक्षा आल्या, मग मुलीला गोवर निघाला, मग... अक्कांनी पुन्हा कधी विचारलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी रेखावहिनीला भेटायला गेले, तर ओसरीवर सात-आठ बायका शिवत बसलेल्या. कोणी बोलावलं नव्हतं. रविवार होता म्हणून आल्या होत्या. खिडकीजवळची अक्कांची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. मला पाहून एक जण उठली, मिलजवळ राहणारी, माझ्याहून वयाने मोठी. बाहुली पुढे करून म्हणाली, "ताई, तुम्ही अक्कांजवळ शिकल्यात. हिचे डोळे कसे घेऊ?"

मी बाहुली हातात घेतली. चेहरा कोरा होता. कुठे टोचायचं ते मला खरंच दिसेना... "पुढच्या वेळी आले की सांगते," मी म्हटलं आणि बाहुली तिच्या हातात परत दिली. तिने बरं म्हणून मान डोलावली, पिशवी काढली आणि बाहुली जपून आत ठेवली. माझी गाडी चारची होती.