डब्यातल्या मिठाच्या गोणी

मी संशयी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. भाजीवालीनं तराजू धरला की माझी नजर तिच्या अंगठ्यावर, आणि कुणी विनाकारण गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

तेव्हा ह्या भागाला नवी मुंबई म्हणत नव्हते. घणसोलीच्या खाडीकडे आमची शेतं, मासेमारी आणि मिठागरं. माझा बापूस मिठागरात मुकादम होता आणि मी तिथेच वाढले. लग्न झालं तेही दोन गावं सोडून. साठ साल उलटून गेलं होतं. मुंबईचा एक शेठ आला आणि त्यानं खाडीकाठचं टेकाड भाड्यानं घेतलं. म्हणाला, इथे मौजेची बाग करतो, मुंबईची माणसं लाँचनं येतील. आणि बागेत पोलादाची एक गाडी. उंचावर चढायची, तिथून खाली झोकून द्यायची, परत चढायची. देशात एवढी उंच कुठे नाही म्हणे.

"माणसाला वर न्यायचं न् खाली टाकायचं, त्याचं तिकीट?" मी नवऱ्याला म्हटलं. "शेठचं डोकं फिरलंय नायतर त्याचा डोला आपल्या जमिनीवर हाय."

नवरा हसला. त्याला तिथेच काम लागलं होतं, फिटरच्या हाताखाली. बोल्टांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. ते बोल्ट बोटीनं परदेशातून आलेले, तेलकट कागदात गुंडाळलेले. इंजिनिअर साहेब एकेका बोल्टावर छोटी हातोडी मारून कान लावून ऐकत. मला वाटायचं, हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय. लोखंड काय बोलतं का?

रूळ उभे राहिले. आमच्या देवळाच्या कळसापेक्षा कितीतरी वर. आता माणसं बसवायच्या आधी तेवढंच वजन घालून गाडी चालवून बघायची होती. कंत्राटदारानं रेतीच्या गोणी आणल्या. मी नवऱ्याची भाकरी घेऊन गेले होते. एका गोणीला हात लावला, तर खालून ओली.

"अवो, ही ओली रेती तोलून दिलीय," मी म्हटलं. "चार दिसांत वालली की हलकी. मग तुमची गाडी काय खरी का खोटी, कसं कलनार?"

साहेबांनी ऐकलं. गोण उन्हात वाळवून परत तोलली. माझं खरं निघालं. कंत्राटदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मी अशी खूश झाले की लगेच म्हटलं, माझ्या बापसाकडून मिठाच्या गोणी आणा. त्याची प्रत्येक गोण एका वजनाची, त्यात लबाडी नाही.

दुसऱ्याच दिवशी बैलगाड्या भरून मीठ आलं. डब्यांतल्या बाकांवर गोणी बसवल्या, पट्ट्यांनी बांधल्या. गावातल्या बाया बघायला जमल्या. "ती पुढची जाडी बघ, तुजी सासू," असं म्हणून एकमेकींना चिमटे काढत होत्या. गाडी वर गेली, खडखडत खाली आली, परत वर. सगळे ओरडत होते आणि मी मान ताठ करून उभी. माझ्यामुळे झालं होतं ना!

पण थोड्याच दिवसांत मोटर बिघडली. तिचा एक भाग बाहेरून यायचा होता. गोणी डब्यांतच राहिल्या. परत उतरवा, परत चढवा, कोण करणार? थंडीचे दिवस, पहाटे खाडीवरून धुकं यायचं, सगळं ओलं करून जायचं. असे दोन महिने गेले.

त्याच दिवसांत नवऱ्यानं मला चांदीची जोडवी आणली. मी विचारलं, "कुठून?"

"आनली," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. झालं. मी तो शब्द गाठ मारून ठेवला.

मोटर सुरू झाली तेव्हा मी तिथेच होते. गाडी पहिल्या उतारावर आली आणि मधल्या डब्याचं बाक उखडलं. दोन गोणी हवेतून गेल्या आणि खाली फुटल्या. माणूस असता तर! साहेब धावत वर चढले. खाली आले तेव्हा हातात बाकाखालचे बोल्ट होते, गंजून गळ्याशी तुटलेले.

साहेब नवऱ्याला म्हणाले, "हे बोल्ट दोन महिन्यांत गंजणारे नाहीत. चांगले काढून कुणीतरी भंगार घातलंय. किल्ली तुझ्याकडे असते. उद्या दुपारपर्यंत खरं सांग, नाहीतर पोलिसांकडे देतो."

घरी आलो. मी त्याला पाणी दिलं. आणि मग, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, मी विचारलं, "जोडव्यांसाठी बोल्ट इकलेत का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावला असता, हात उगारला असता तरी चाललं असतं. त्यानं नुसता तांब्या खाली ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसला. जेवला नाही.

सकाळी मी बापसाकडे गेले. म्हटलं, तो साहेबांना विनवेल. बापूस मिठागरात लाकडी फळीनं मीठ ओढत होता. मी रडत रडत सगळं सांगितलं. तो मध्येच थांबला.

"गोनी किती दिस डब्यात व्हत्या?"

"दोन महिने."

"आनि खाली लोखंड?" त्यानं हातातली फळी माझ्यापुढे धरली. दांडा लाकडाचा, खुंट्या लाकडाच्या. कुठे एक खिळा नाही. "पोरी, तुला मिठागरात वाढवली ना मी? आपन हितं खिला का मारत नाय?"

मीठ ओल धरतं, पाझरतं, लोखंड खातं. दात येण्याआधीपासून मला हे ठाऊक होतं. पण मी कंत्राटदाराची लबाडी शोधत होते ना, माझ्याच घरच्या मिठाकडे कशाला बघतेय?

धावतच टेकाडावर गेले. नवरा साहेबांपुढे उभा होता. मी टेबलावरचा तुटका बोल्ट उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"साहेब, जीब लावा."

"गप गो," नवरा म्हणाला.

"लावा. मंग पोलिसांना बोलवा."

काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लावली. मग दुसऱ्या डब्यातला एक बोल्ट काढायला सांगितला, त्यालाही लावली. दोन्ही बोल्ट टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "खारट आहे."

मी सांगितलं, मीठ मी सुचवलं, चूक माझी. साहेब म्हणाले, तुझी नाही बाई, मी शिकलेला माणूस, मला कळायला हवं होतं. त्यांनी किल्ली परत नवऱ्याच्या हातात दिली, त्याची माफी मागितली. आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मीच मूर्ख. सगळ्यात वरच्या टोकाला रंग द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा जास्तीचे पैसे घेऊन हाच चढला होता. असा माणूस बोल्ट विकेल?"

मला ते माहीतच नव्हतं. मी घाबरेन म्हणून सांगितलं नव्हतं त्यानं. पायांतली जोडवी मला चटका देऊ लागली.

बोल्ट सगळे बदलले, वाळलेली रेती भरून परत चालवून बघितलं. गाडी सुरू झाली, लाँच भरभरून माणसं आली. आम्हीही एकदा बसलो. वर गेल्यावर मी त्याचा दंड घट्ट धरला. त्यानं धरू दिला, पण बघत राहिला समोर. काही वर्षांनी खाऱ्या वाऱ्यानं रूळच खाल्ले, शेठनं सगळं भंगारात काढलं. आता तिथे टॉवर आहेत.

नवरा मला माझ्या त्या प्रश्नाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून कामावरून आला की चपला काढायच्या आत माझ्यापुढे उभा राहायचा आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचा. मी म्हणायचे, नको हो, पाया पडते. तो म्हणायचा, "बघून घे." पोरं झाली, सुना आल्या, पुढे कारखान्यात लागला, तिथून रिटायर झाला, तरी नुसता नाक्यावरून आला तरी खिसे उलटे. शेवटी अंथरुणाला खिळला, हात उचलेना, तेव्हा डोळ्यांनी मला सदऱ्याकडे खुणावलं. मी स्वतःच्या हातानं त्याचे खिसे उलटे केले, आणि त्याला दाखवले.