विठू शेटचं न छापलेलं पत्र

अर्धं पत्र जुळवून झालं होतं आणि ते लिहिणारा विठू शेट सोनार माझ्या पाठीमागे उभा राहून एकेक ओळ बघत होता. शिशाची अक्षरं उलटी असतात, त्याला वाचता येत नव्हतं, तरी हलत नव्हता.

मालवणातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी कंपोझिटर होते. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळी लावायच्या. नवरा गेल्यावर बघून बघून शिकले. ते चीनच्या लढाईनंतरचं वर्ष. सरकारची तिजोरी आटली आणि नियम आला, चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. आता चौदा कॅरेटचं मंगळसूत्र आमच्याकडे कोण घालील हो? सोनारांच्या भट्ट्या विझल्या. वर एक पुढारी सभेत बोलून गेले, देश या सोनारांनी बुडवला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून बाजारात सुरू, "काय शेट, सोन्याचो हंडो खंय पुरून ठेवलंस?"

थट्टाच ती. पण त्याच्या मुलीचं लग्न कुडाळात ठरलं होतं आणि व्याही बिचकले. उद्या झडती आली तर आमचं नाव नको, म्हणाले.

म्हणून हे पत्र. त्यात एवढंच होतं, की खर्च दिल्लीने केला, त्याची राख आमच्या भट्टीत शोधू नका. माझ्या घरी कधीही या, पेट्या उघडून बघा. मला पटलं. अजून पटतं. घरात पैसा पुरेना झाला तर घरधन्याने आधी आपला हात बघावा. आमच्याकडे आधी मोलकरणीची पिशवी तपासतात.

छापण्याआधी कच्ची प्रत काढतात, तिला प्रूफ म्हणतात. चुका बघायला ते लिहिणाऱ्याला द्यायची रीत. मी दिलं. तर हा ते घेऊन थेट कुडाळला व्याह्यांकडे. "शनवारी पेपरात येतलां," सांगून आला.

शुक्रवारी मालक भाऊ माझ्या खणापाशी आले.

"माई, ह्यां पत्र काढ."

"कित्याक? खोटां आसा?"

"खरां आसा म्हणानच काढ. सरकारी नोटिसा बंद झाल्यो तर तुझो पगार खंयसून देव?"

माझी दोन मुलं शाळेत होती. जुळवायला तास लागला होता, मोडून अक्षरं खणात टाकायला वीस मिनिटं पुरली. त्या जागी लिलावाची नोटीस बसवली.

शनिवारी सकाळी विठू शेट अंक घेऊन दारात.

"माई, माझां पत्र खंय आसा?"

"जागा नाय गावली, शेट."

"मगे फुडच्या शनवारी?"

आतून भाऊ म्हणाले, "बघूया."

आठवड्याभरात व्याह्यांचा निरोप आला. ज्याचं पत्र पेपरवालेसुद्धा छापत नाहीत, त्याच्यात काहीतरी असणारच. लग्न मोडलं. मी प्रूफ हातात दिलं नसतं तर निदान एवढं तरी झालं नसतं.

तीनेक वर्षांनी तो नियम सैल झाला. त्याच पुढाऱ्यांचा सत्कार झाला, आणि ती बातमी मीच मोठ्या टाईपात लावली. विठू शेट तोवर बेळगावात घड्याळं दुरुस्त करत होता. मुलगी त्याच्यापाशीच होती.

बोलायची मोकळीक तेव्हाही होती. पत्र अडवायला कोणी शिपाई आला नाही. भाऊंना नोटिसांची भीती, मला पगाराची, तेवढ्यावर काम झालं. आणि जागा नव्हती हे तर मला कोणी सांगायलाही लावलं नव्हतं.