भाऊजींचं दाणेदार छत

जगातली माणसं समोर पाहून चालतात, आमचे भाऊजी मात्र जन्मभर वर पाहत आले. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, वणीजवळच्या राजूरला असतात, कापसाची शेती आहे. शेतकऱ्याला आभाळाकडे पाहणं काही चुकत नाही, पण भाऊजी आभाळाकडेही छत म्हणूनच पाहतात. ढग भरून आले की हे कुणी पुसत कसं नाही, असा त्यांचा चेहरा होतो. हा रोग त्यांना चंद्रपूरच्या एका लग्नात जडला. कार्यालयाच्या छताला दाणेदार प्लास्टर होतं, भाकरीला फोड यावेत तसं. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, वधूवरांनी हार घातले, आणि भाऊजी मुठीत अक्षता धरून वरच पाहत उभे. त्या अक्षता ते तशाच घरी घेऊन आले.

मग त्यांच्या पुढच्या खोलीला तसलं छत झालं. कारागिराने ओल्या प्लास्टरवर कुंचा थोपटून दाणे उठवले, आणि त्या दिवसापासून घरात येणाऱ्याला खुर्ची मिळणं बंद झालं. पाहुण्याने आधी खाटेवर उताणं व्हायचं, छत डोळे भरून पाहायचं, मग चहा. शेतमोजणीला आलेल्या सरकारी माणसालासुद्धा पाणी मिळालं ते आडवं झाल्यावरच. त्या खोलीत उदबत्ती लावायची नाही, पंखा जोरात फिरवायचा नाही, आणि ताईने फोडणी टाकली की भाऊजी धावत येऊन मधलं दार लावून घेत.

पण राजूरला छत पांढरं ठेवायचं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं. दारावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. साध्या छतावरची धूळ फडक्याने निघते, इथे प्रत्येक दाणा आपापला वाटा धरून बसलेला. पहिल्यांदा भाऊजींनी ओलं फडकं फिरवलं. धुळीचा चिखल झाला, काळे ओघळ भिंतीवर आले आणि प्लास्टरचे चार दाणे ताटातल्या वरणात पडले. मग पाणी लावायचं नाही एवढं शिकून त्यांनी कणकेचा गोळा छतावर दाबून पाहिला. धूळ गोळ्याला चिकटायच्या ऐवजी गोळाच छताला चिकटला आणि बरेच दिवस तिथे लटकत राहिला. ताईने त्याच्याखाली बसून जेवायला साफ नकार दिला.

आणि मग कापसाचं ते वाईट वर्ष आलं. भाव पडलेला, विकावा तर जीव तुटतो, ठेवावा तर जागा नाही. सगळ्यांसारखा भाऊजींनीही कापूस घरातच भरला. पुढच्या खोलीतली गंजी वाढत वाढत छताच्या हातभर खाली जाऊन थांबली. ताई त्या गंजीकडे पाहायची आणि गप्प व्हायची. पुढे पुढे तर ती बोलेनाशीच झाली. भाऊजी मात्र मला म्हणाले, "भाव नाई भेटला पावने, पण शिडी भेटली." लोक हसले, मीही हसलो.

त्या दुपारी मी आणि ताई बाजार करून आलो तर भाऊजी घरात नव्हते. चपला दारात, सायकल भिंतीला टेकलेली. हाका मारल्या, उत्तर नाही. ताईने स्वयंपाकघरातल्या कोनाड्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच सोडली. कोनाड्यात फवारणीच्या औषधाची बाटली असायची, ती नव्हती. ती वर्षंच तशी होती. माणूस घरात दिसला नाही की बाया आधी ती बाटली शोधत. ताई उंबऱ्यावरच बसली. मी विहिरीकडे पळालो, शेजारी गोळा झाले, कुणी शेताकडे गेलं.

मी विहिरीवरून परत येतो तोच पुढच्या खोलीतून जोरात शिंक आली. सगळे आत धावलो. गंजीच्या टोकावर कापूस हलला आणि भाऊजी उठून बसले. केसांत कापूस, तोंडाला कोळसा, हातात नवा कोरा मऊ कुंचा. उताणे पडून छत झाडता झाडता त्यांचा डोळा लागला होता. धूळ जाऊ नये म्हणून कानात कापसाचे बोळे घातलेले, मग हाका ऐकू येणार कशा? त्यांनी बोळे काढले आणि गर्दी पाहून विचारलं, "काहून जमून राह्यले सारे?"

ताईने एवढंच विचारलं, "औषध कुठी हाय?"

भाऊजी घसरत खाली आले. वणीतल्या एका दुकानात रंग, खिळे आणि फवारणीची औषधं एकाच फळीवर मिळतात. तिथे ती न उघडलेली बाटली परत देऊन त्यांनी कुंचा घेतला होता.

"छतासाठी?" ताईने विचारलं.

"छताचं तर हायेच," भाऊजी खाली पाहत म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना खाली पाहताना बघत होतो. "तू बोलूनच नाई राह्यली व. मले भेव वाटलं. म्हटलं, घरात ते नकोच."

"मले तुमचं भेव वाटून राह्यलं होतं," ताई म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. शेजाऱ्यांनी तिथेच चहा मागितला. त्या दिवशीइतका गोड चहा मी पुन्हा प्यालेलो नाही.

पुढे कापूस मिळेल त्या भावाने गेला, शिडीही गेली. छताचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा तसाच राहिला. आता भाऊजी थकलेत. खाटेवर पडून वर पाहत राहतात. मी गेलो की न सांगता त्यांच्या शेजारी उताणा होतो. ताई मात्र बाहेरून आली की आजही आधी स्वयंपाकघरातल्या त्या कोनाड्याकडे पाहते. तिथे बाटलीच्या जागी तो कुंचा दिसला की मग चपला काढते.