पाचास एक आग्रह

सकाळी बायकोने पंचांगाचे नवे अ‍ॅप उघडले. चतुर्थी कधी, हे सांगण्याआधी त्यानेच हिला विचारले, फोनमधले सगळे नंबर पाहू का? खाली हिरवेगार, रुंद बटण होते : ‘परवानगी द्या’. हिचे बोट निघालेच होते.

“थांब!” मी ओरडलो आणि पट्टी घेऊन आलो.

“अगंबाई, आता फोन मोजणार?”

मोजलाच. हिरवे बटण पाच सेंटिमीटर. त्याखाली फिकट राखाडी अक्षरांत ‘आता नको’, जेमतेम एक. पाचास एक! मला इतका आनंद झाला की मी पट्टी हवेत नाचवली. बोट आपले, पण त्याची वाट कोणीतरी आधीच आखून ठेवलेली. शिवाय नुसते ‘नको’ नाहीच, ‘आता नको’. म्हणजे उद्या पुन्हा विचारायला मोकळे. पंगतीत ‘नको, नको’ म्हणता म्हणता जिलबी पानात पडते, तसाच हा आग्रह. तिथे निदान पोट आपलेच बिघडते. इथे हिच्याजवळ तीनशे बारा नंबर : भजनी मंडळातल्या मैत्रिणी, डॉक्टरीणबाई, शेजारच्या वहिनी. त्यांना कोणी विचारले?

“खरंच की! दुसऱ्यांचे नंबर वाटणारी मी कोण?” हिने चष्मा लावला, ती फिकट अक्षरे शोधली आणि नखाच्या टोकाने दाबली.

अ‍ॅप मुकाट्याने चालू झाले. तीनशे बारा माणसे आपापल्या घरी चहा पीत असतील. त्यांना यातले काहीच कळले नाही.